कॉम्प्युटर चालतोय, मग बदलायचं कशाला?

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला. नागपुरात आमच्या घरी शस्त्रपूजेला विळी, कोयता आणि पान्यांचा डबा मांडतात. गेली काही वर्षं त्यांच्या रांगेत बाबांचा कॉम्प्युटरही असतो. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट, वर आपट्याचं पान. त्यानंतर बारा दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची मुदत संपली आणि तशी सूचना त्याच मॉनिटरवर उमटली. बाबांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली आणि विचारलं, "चालतो तर आहे. मग संपलं म्हणजे नेमकं काय संपलं?"

धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या आसपास कॉम्प्युटरची दुकानं आहेत. तिथे चौकशी केली की उत्तर झटकन मिळतं : "टेन्शन नका घेऊ काका, नवीन विंडोज टाकून देतो न. संध्याकाळी घेऊन जा." हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. घरच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची की नाही हे ठरवताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. जुनीच ठेवली तर धोका किती? नवी घातली तर यंत्राला पेलेल का? आणि आत साठवलेलं आपलं काम नव्या सिस्टीममध्ये उघडेल का? पहिल्या दोन गोष्टी दुकानदार सांगू शकतो. तिसरी फक्त आपल्यालाच ठाऊक असते, आणि आठवते मात्र सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा उशीर झाल्यावर.

संपलं म्हणजे काय संपलं?

ऑपरेटिंग सिस्टीम ही यंत्र आणि आपण यांच्यामधली कारभारीण. कीबोर्डवर दाबलेलं अक्षर पडद्यावर आणणं, फाइल डिस्कवर कुठे ठेवली ते ध्यानात ठेवणं, एकाच वेळी ब्राउझर आणि प्रिंटर दोघांनाही वेळ देणं, कोणत्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं आणि काय नाही हे ठरवणं, ही सगळी तिची कामं. कोट्यवधी ओळींच्या या प्रोग्रॅममध्ये चुका राहतातच. काही चुका अशा असतात की त्यांतून बाहेरच्या माणसाला आत शिरता येतं. अशी फट सापडली की कंपनी ती बुजवते आणि बुजवलेला भाग अपडेट म्हणून पाठवते. मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. १४ ऑक्टोबर २०२५ हा असाच दुसरा मंगळवार होता.

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ ला. दहा वर्षं त्याच्या फटी बुजवल्या गेल्या, आणि त्या मंगळवारी हे काम थांबलं. कॉम्प्युटर बंद पडला नाही, फाइली कुठे गेल्या नाहीत, इंटरनेटही चालू आहे. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांची मुदतही त्याच दिवशी संपली, तरी वर्डमध्ये लिहिता येतंच. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसांची ओळख करून देणारी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असं कंपनीनं सांगितलं आहे. पण दारावर राखणदार ठेवला म्हणून भिंतीतलं भोक बुजत नाही.

यात एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. विंडोज १० आणि ११ यांचा पुष्कळसा अंतर्भाग सारखाच आहे. ११ साठी एखादी दुरुस्ती आली की वाईट हेतूची जाणकार माणसं दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा भाग ताडून बघतात आणि फट कुठे होती ते शोधतात. तीच फट १० मध्ये असली तर ती आता उघडीच राहते. म्हणजे नव्याची प्रत्येक डागडुजी चोराला जुन्या घराची वाट दाखवते. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ कोसळत नाही. धोका महिन्यामहिन्यानं साचत जातो.

२०१७ चा धडा

बुजवलेली फट आणि उघडी फट यांत केवढं अंतर असतं, हे २०१७ मध्ये जगानं पाहिलं. विंडोजमध्ये फाइली नेटवर्कवरून देण्याघेण्याची जी व्यवस्था आहे तिच्यात एक फट होती. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला तिची दुरुस्ती पाठवली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच फटीतून पसरला आणि सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरांमधल्या फाइली कुलूपबंद करून त्यानं पैसे मागितले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ लाच संपली होती, तरी त्या वेळी मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. तोही ही फट वापरत होता, शिवाय यंत्रांत सापडलेले पासवर्ड चोरून पुढच्या यंत्रात शिरत होता. त्याचा तडाखा थेट महाराष्ट्राला बसला. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. कंटेनर जागेवर, ट्रक रस्त्यावर. एवढं मोठं बंदर, पण अडलं ते कॉम्प्युटरपाशी.

या प्रकरणात एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. वॉनाक्रायनं ग्रासलेली बहुसंख्य यंत्रं एक्सपीची नव्हती, विंडोज ७ ची होती. तेव्हा विंडोज ७ ची मुदत संपायला अडीच वर्षांहून जास्त काळ बाकी होता. दुरुस्ती दोन महिने आधीच येऊन पडली होती, ती लावलेली नव्हती. म्हणून "मी नवी विंडोज टाकली" एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. नवी सिस्टीम टाकून अपडेट्स बंद करून ठेवणारा माणूस आणि जुनी सिस्टीम वापरणारा माणूस, दोघांच्या घराला सारखंच भोक आहे.

यंत्राला पेलेल का?

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. ज्यांच्याकडे अस्सल विंडोज १० आहे आणि यंत्र अटींत बसतं, त्यांना ते फुकट मिळतं. कंपनीनं अटी घातल्या आहेत त्या अशा : ६४ बिटचा मान्यताप्राप्त प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.०.

बहुतेकांची गाडी अडते ती प्रोसेसरवर. इंटेलचे मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच चालतात. पिढी ओळखणं सोपं आहे. आय५-७२००यू असं लिहिलं असेल तर आडव्या रेघेनंतरचा ७ हा आकडा पिढी सांगतो, म्हणजे सातवी, म्हणजे नाही. आय५-८२५०यू असेल तर आठवी, म्हणजे चालेल. आकडा पाच अंकी असेल, जसं १०२१०यू, तर पहिले दोन अंक घ्यायचे. २०१७ च्या दिवाळीत घेतलेला चांगला धडधाकट लॅपटॉप एका अंकानं बाद होतो आणि २०१८ चा आत येतो. हे अन्यायाचं वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते आहेही.

टीपीएम म्हणजे संरक्षक किल्ल्या जपणारा छोटा कप्पा. ते मदरबोर्डवर वेगळ्या चिपच्या रूपात असतं किंवा प्रोसेसरमध्येच असतं. अनेक जुळवलेल्या डेस्कटॉपांत ते असूनही बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बंद ठेवलेलं असतं, आणि मग तपासणीत "तुमचं यंत्र बसत नाही" असा निकाल येतो. म्हणून मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवल्यावर नकार आला, तर तो कशामुळे आला ते वाचावं. टीपीएममुळे असेल तर जाणकाराकडून बायॉस तपासून घ्यावं. प्रोसेसरमुळे असेल तर इलाज नाही.

अटी डावलून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत आणि काही दुकानांत त्या सर्रास वापरतात. अशा यंत्रांना अपडेट्स मिळण्याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट म्हटलं आहे. ज्या अपडेट्ससाठी हा सगळा खटाटोप करायचा, त्यांचीच हमी नसेल तर हाती काय उरलं? ॲक्टिव्हेशनची पळवाट काढणारे फुकटे प्रोग्रॅम तर त्याहून वाईट. ते चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे दार आपल्या हातानं उघडून द्यायचं.

पेलण्याचा प्रश्न कागदावरच्या अटींवर मिटत नाही. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ सुरू होईल, पण ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की धापा टाकेल. घरगुती कामाला ८ जीबी हवीच. त्याहूनही मोठा फरक पडतो तो डिस्कचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते. मिनिटाला ५,४०० फेऱ्या धरल्या तर एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली मागवते. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे ही वाट बघणं जवळजवळ संपतं. "कॉम्प्युटर म्हातारा झाला" म्हणून टाकून द्यायला काढलेली कितीतरी यंत्रं केवळ एसएसडी बसवल्यावर पुन्हा तरतरीत होतात.

नागपूरकरांसाठी आणखी एक सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत धूळ बसलेली असते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. उन्हाळ्यात रेंगाळणारा कॉम्प्युटर पाहून विंडोजला दोष देण्याआधी कॅबिनेट उघडून ब्रशनं धूळ काढावी. त्याला काही खर्च नाही.

मराठीतलं जुनं लिखाण

आता तिसरी गोष्ट. मराठी घरांसाठी ती सगळ्यांत महत्त्वाची आहे.

बाबा शिक्षक होते. आजीच्या तोंडून ऐकून त्यांनी जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केल्या. पुढे कधीतरी कॉम्प्युटर फॉरमॅट झाला. फाइली पेनड्राइव्हवर काढलेल्या होत्या, म्हणून काळजी नव्हती. नव्या विंडोजमध्ये पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा पसरला. बाबांना वाटलं, गेलं सगळं.

गेलं काही नव्हतं. कृतिदेव, शिवाजी असे जुने फॉन्ट ही एक हुशार तडजोड होती. कॉम्प्युटरला तेव्हा देवनागरी कळत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटे चढवले गेले. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला की फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतं ते इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच. ई वर 'म' चा मुखवटा, जे वर 'र' चा, के वर कान्याचा, मोठ्या बी वर 'ठ' चा आणि एच वर दुसऱ्या वेलांटीचा. फॉन्ट असेपर्यंत 'मराठी' दिसतं, तो पुसला गेला की मुखवटा गळतो आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फॉन्टची फाइल परत बसवली आणि ओव्या जिथल्या तिथे दिसू लागल्या.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे 'म' ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कुठल्याही फॉन्टमध्ये, फोनवर किंवा कॉम्प्युटरवर 'म' च राहतो. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे, आणि विंडोजमध्ये २००० च्या आवृत्तीपासून तिची सोय आली. तरी सवयीनं, टायपिंगच्या जुन्या कळफलकामुळे आणि छापखान्यांच्या आग्रहामुळे मराठी माणूस पुढे कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टमध्ये लिहीत राहिला. वकिलांचे दावे, पतसंस्थांची इतिवृत्तं, संस्थांच्या स्मरणिका, घराण्यांच्या वंशावळी, सारं त्यातच आहे.

काहींची अडचण याहून खोल असते. मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरबरोबर 'लॉक' यायचं, प्रिंटरच्या पोर्टला किंवा यूएसबीला लावायचं. ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही आणि त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालत नाही. डॉसच्या काळातले १६ बिटचे हिशेबाचे, पत्रिका मांडायचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती होती, ११ ची नाही. म्हणजे ज्या दिवशी आपण ११ टाकतो त्या दिवशी ही दारं बंद होतात. जुनी सिस्टीम चालू आहे तोवर ती जुन्या लिखाणाची किल्ली आहे. किल्ली फेकायच्या आधी पेटी रिकामी करून घ्यावी. सगळ्या फाइली पीडीएफ कराव्यात, म्हणजे त्या दिसायला कायमच्या सुरक्षित होतात. आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, म्हणजे तो पुन्हा वापरता, शोधता, पाठवता येतो.

कोणती वाट धरायची?

यंत्र अटींत बसत असेल, रॅम ८ जीबी असेल आणि वर सांगितलेली जुनी सॉफ्टवेअर नसतील, तर विंडोज ११ घ्यावं. यात थांबून मिळण्यासारखं काही नाही.

यंत्र बसत नसेल किंवा पेटी रिकामी करायची बाकी असेल, तर विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय आहे. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला परवानगी दिली तर वेगळे पैसे पडत नाहीत. नाहीतर कंपनीचे हजार रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर मोजायचे. या काळात नवी सोयसुविधा काही येत नाही, फक्त महत्त्वाच्या फटी बुजतात. आवराआवर करायला घेतलेली ही उसनी मुदत आहे, असं समजून ती वापरावी.

ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल, पत्रं लिहिणं आणि व्हिडिओ बघणं एवढंच आहे, त्यांनी लिनक्सचा विचार जरूर करावा. उबंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं आणि त्याला पाच वर्षं अपडेट्स मिळतात. लिनक्स मिंटचं रूप विंडोजच्या सवयीच्या माणसाला परकं वाटत नाही. सी-डॅकनं भारतीय भाषांसाठी घडवलेली बॉस ही प्रणालीही आहे. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये सहज सुरू करता येतो. सगळ्यांत चांगलं म्हणजे पेनड्राइव्हवरून चालवून आधी बघता येतं, डिस्कला हात लागत नाही. प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, वायफाय पकडतं का, हे तपासून मगच ठरवायचं. टॅली किंवा खास विंडोजसाठीच केलेलं सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र ही वाट आपली नाही.

जुनं सॉफ्टवेअर सोडवतच नसेल तर ते यंत्र तसंच ठेवावं, पण त्याचं इंटरनेट काढून घ्यावं. बँक, आयकर, यूपीआयशी जोडलेला ईमेल, यांपैकी काहीही त्यावर उघडू नये. तसंही पुढे त्यावर इंटरनेट नीट चालणार नाही. विंडोज ७ च्या बाबतीत हेच झालं होतं. मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली, तरी लोक वापरत राहिले. मग फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या त्यावर येणं थांबलं आणि हळूहळू एकेक संकेतस्थळ कुरकुरू लागलं. जुनी सिस्टीम बहुतेक वेळा अशी ब्राउझरच्या बाजूनं मरते.

हात लावण्याआधी

दुकानात "फॉरमॅट मारून देतो" असं म्हणतात तेव्हा सी ड्राइव्ह पुसला जातो. "माझं सगळं डेस्कटॉपवर आहे" म्हणणाऱ्यानं हे नीट ऐकावं : डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. डी ड्राइव्ह वाचेल या भरवशावरही राहू नये. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, ती दुसऱ्या यंत्राला लावून दोनचार फाइली उघडून बघाव्यात, आणि मगच कॉम्प्युटर दुकानात न्यावा. फॉन्ट्सचं फोल्डर वेगळं उचलून ठेवावं. ब्राउझरमधले पासवर्ड, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर यांची यादी करावी.

विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप सांकेतिक रूपात कुलूपबंद होऊ शकते. त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. बायॉसमध्ये बदल झाला की यंत्र ती मागू शकतं आणि नसेल तर फाइलींना मुकावं लागतं. आणि हे काम विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी किंवा वीज ये-जा करणाऱ्या पावसाळी संध्याकाळी काढू नये. मधेच वीज गेली तर डेस्कटॉप अर्ध्यात अडकतो.

बाबांचा प्रोसेसर सातव्या पिढीचा निघाला. आम्ही वाढीव मुदत घेतली, एसएसडी बसवली आणि पेटी रिकामी करायला घेतली. ओव्या युनिकोडमध्ये बदलल्या, पण एका जागी बदलणारा प्रोग्रॅम अडखळला. 'दळणाऱ्या' मधला अर्धा र कृतिदेवमध्ये नीट जमत नसे, म्हणून त्या काळी सगळे तिथे छोटी आडवी रेघ मारून पुढे 'या' लिहीत. बाबांनीही तेच केलं होतं. यंत्रानं ती रेघ तशीच रेघ म्हणून उचलली. आता बाबा रोज संध्याकाळी एकेक ओवी उघडतात, पूर्वीची वही शेजारी ठेवतात आणि जिथे जिथे रेघ आली आहे तिथे अर्धा र बसवतात. पुढचा दसरा यायच्या आठवडाभर आधी मुदत संपेल. तोवर सगळ्या ओव्या होतील, असं ते म्हणतात.